शॉट एडिटला जुळतच नाहीत, दर प्रोजेक्टला तेच रडगाणं: कुठं काय तपासायचं

फिल्मचा प्रोजेक्ट सबमिट करायची तारीख जवळ आली की पोरं लॅपटॉप आणि हार्डडिस्क घेऊन येतात आणि वाक्य ठरलेलं असतं, "दादा, फुटेज एकदम भारी आलंय, फक्त एडिटला बसेना." उघडून बघितलं तर एकेक शॉट सुटा बघायला खरंच वाईट नसतो, पण दोन शॉट शेजारी लावले की घोळ सुरू. आई स्वयंपाकघरात बसलीय, पहिल्या शॉटात भिंत पिवळी, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात भिंतीवरनं काळे पट्टे सरकतायत. बाप सोप्यावर (घरापुढच्या ओसरीवर) बोलतोय तर अर्ध्या वाक्यात तोंडावर ऊन, अर्ध्या वाक्यात सावली. पोरगी फाट्यावरनं घराकडं निघालीय आणि पुढच्याच शॉटात परत फाट्याकडं चाललीय असं दिसतंय.

मग टीममधलं कोणतरी म्हणतं, मोबाइलवर केलं म्हणून असं झालं, पुढच्या वेळी भाड्यानं मिररलेस कॅमेरा आणूया. आणा की, कोण नको म्हणतंय, पण तो पण ऑटोवर ठेवलात आणि परत कथेच्या क्रमानंच शूट केलात तर हाच सगळा घोळ जरा जास्त शार्प दिसेल एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या मते ह्यातल्या बऱ्याच तक्रारी कॅमेऱ्यातले आकडे लॉक न केल्यामुळं येतात आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या कथेचा क्रम धरून शूट केल्यामुळं. शूट उजेडाच्या क्रमानं करायचं असतं, कथेचा क्रम एडिटला लागतो. आता एकेक लक्षण घेतो, आपापलं शोधा.

भिंतीवर पट्टे धावतायत, लाईट लुकलुकतेय

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच आणि सगळ्यात सोपी पण हीच. आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा, त्यामुळं चोकवाली ट्यूब असो नाहीतर स्वस्तातला एलईडी बल्ब, त्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेमवर सेट असतो आणि शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, सेकंदात) १/६० नाहीतर मनाला येईल ते घेतो, ते ह्या १०० शी जुळत नाही म्हणून पट्टे. उपाय एवढाच की २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवायचं, उजेड जास्त वाटला तर १/१००. काही कारणानं ३० फ्रेमवरच करायचं असलं तरी शटर ह्या दोनपैकी एकावर ठेवा, पट्टे जातात.

आयफोनमध्ये २५ चा पर्याय दिसत नाही म्हणून पोरं सोडून देतात. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, तिथं पॅल फॉरमॅट दाखवायचं एक बटण आहे ते चालू करा, मग दिसतो. अँड्रॉइडला प्रो व्हिडिओ मोड असला तर झालंच काम, नसला तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही ॲपं फुकट आहेत, दुसरं सगळ्या फोनवर चालत नाही, आधी बघून घ्या. आणि यूट्यूबवर अमेरिकेतल्या कोणाचं तरी ट्युटोरियल बघून १/६० ठेवू नका. त्यांचा करंट ६० हर्ट्झचा, त्यांना ते बरोबर आहे.

लोकेशन बघायला जाल तेव्हाच तिथला प्रत्येक दिवा लावून दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा. काही बल्ब कुठल्याच शटरला ऐकत नाहीत, विशेषतः डिमरवर कमी केलेले. असला बल्ब सापडला की तो काढायचा आणि दुसरा लावायचा, त्याच्याशी भांडत बसायचं नाही.

बाहेर १/५० ठेवलं की सगळं पांढरं फटक

होणारच. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० धरलं तर ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक) जवळजवळ एफ २२ वर न्यावं लागतं. तुम्हाला एफ ४ वर करायचं असलं तर मधले पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कुठंतरी अडवायला पाहिजे, त्याला एनडी ३२ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळपट काच लागते. बहुतेक मोबाइलला तर ॲपर्चर बदलताच येत नाही, तो बिचारा शटर १/१००० च्या वर नेतो आणि मग चालणारा माणूस धक्के खात चालल्यासारखा दिसतो. मोबाइलला क्लिपनं लावायचा एनडी मिळतो, तो घ्या. नाहीच मिळाला तर बाहेरच्या सगळ्या शॉटना तोच वेगवान शटर ठेवा, म्हणजे निदान एकसारखं तरी दिसेल. अर्धे शॉट मऊ आणि अर्धे धक्क्याचे, हे जास्त खुपतं.

रंग बदलतोय, उजेड मधेच आपोआप वरखाली होतोय

गावाकडच्या घरात काय असतं बघा, पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा), देवघरात पिवळा बल्ब ३००० च्या आत-बाहेरचा, खिडकीतनं दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, आणि हे तिन्ही एकाच फ्रेममध्ये. ऑटो व्हाईट बॅलन्सला, म्हणजे उजेडाप्रमाणं रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगला कळत नाही खरा पांढरा कोणता, म्हणून आई जरा खिडकीकडं सरकली की तो मत बदलतो. तुम्ही दोन बाजूंनी काम करायचं. एक, दिवे कमी करा: दिवसाचा सीन असला तर ट्यूब बंद करा आणि खिडकीवर काम चालवा, रात्रीचा असला तर खिडकीला चादर लावा. दोन, सीनला एकच केल्विनचा आकडा ठरवा आणि तो वहीत लिहा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की एक्सपोजर (शॉट किती उजळ ते) आणि फोकस लॉक होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात व्हाईट बॅलन्स लॉक होतोच असं नाही, तो वेगळा बघून घ्यायचा.

ह्याच रोगाची दोन-तीन भावंडं आहेत जी कोणी तपासत नाही. मोबाइल जवळ नेला की तो गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि रंग बदलतो, सेटिंगमध्ये लेन्स लॉक करायची सोय असली तर वापरा, नसली तर झूम बोटानं करू नका, पायानं करा. एचडीआर व्हिडिओ चालू राहिला की फोनवर झकास दिसतं आणि एडिटला आणलं की आकाश जळालेलं, तो बंद ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन एकाच सीनला वापरू नका, अगदीच वापरायचे झाले तर एक घरात आणि एक बाहेर असं वाटून द्या. आणि फुटेज व्हॉट्सॲपवरनं पाठवलं असेल तर पुढं काय बोलायचंच नाही, तो दाबून दाबून चेपलेला व्हिडिओ कोणत्याच कॅमेऱ्याचा राहत नाही. केबल लावा, पेनड्राइव्ह घ्या.

ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं

सुरुवातीला बरोबर असतं आणि तीन-चार मिनिटांनी घसरतं, बरोबर? मोबाइल उजेडाप्रमाणं फ्रेमचा वेग थोडा थोडा बदलत राहतो, तीस म्हणजे पक्के तीस नसतात, आणि वेगळ्या फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आपल्या चालीनं सरळ जात राहतं. हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल घालून कॉन्स्टंट फ्रेम रेट (म्हणजे पक्का वेग) निवडून काढा आणि मग एडिटला घ्या. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, फुटेज आत ओढायच्या आधी, टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ वर करा, फुटेज आत आलं की तो आकडा बदलता येत नाही. सेटवर प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, क्लॅपची पाटी नसली तरी चालतं, टाळी पाहिजेच. आणि सीन संपला की सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. गावात लांबनं देवळाचा स्पीकर, पंप, कोंबडा असं काय काय चालू असतं, ते एका शॉटात आहे आणि पुढच्यात नाही असं झालं की कट ऐकू येतो.

पोरगी घराकडं निघाली आणि परत फिरली

ह्याला कॅमेऱ्याचा कुठलाच आकडा जबाबदार नाही. समजा पाणंद पूर्वेकडच्या फाट्यावरनं पश्चिमेकडं घराकडं जाते, दक्षिणेला रताळ्याचं शेत, उत्तरेला ऊस. तुम्ही रताळ्याच्या बाजूला उभे राहून शूट केलंत तर ती फ्रेममध्ये उजवीकडनं डावीकडं जाते. मग कॅमेरामनला वाटतं की उसाच्या बाजूनं मागं डोंगर छान येतोय, तो पाणंद ओलांडून पलीकडं जातो, आणि आता तीच पोरगी डावीकडनं उजवीकडं. तिनं वाट बदललेली नाही, तुम्ही बाजू बदललीय, पण बघणाऱ्याला हे कसं कळणार? त्याला वाटतं काहीतरी विसरलं वाटतं, परत चाललीय.

तर चालणाऱ्याची वाट ही एक रेघ धरायची आणि सीन संपेपर्यंत रेघेच्या एकाच बाजूला राहायचं. दोघं बोलत असतील तर दोघांच्या मधली रेघ. पलीकडनं डोंगर पाहिजेच असेल तर मधे एक शॉट बरोबर समोरनं किंवा बरोबर पाठीमागनं घ्या, तो कुठल्याच बाजूचा नसतो, त्याच्यावरनं पलीकडं जाता येतं. आणि एकाच माणसाचे लागोपाठ दोन शॉट जोडायचे असतील तर कॅमेरा निदान ३० अंश फिरवा किंवा साईज ठळक बदला, नुसता पाऊलभर सरकवून घेतलेला शॉट हिसका बसल्यासारखा दिसतो.

आपल्या बेळगावच्या सीमेवरचा एक खास प्रकार म्हणजे बस. चंदगड रोडला कर्नाटकची पण बस धावते आणि महाराष्ट्राची एसटी पण. पोरगी बसमधनं उतरते तो शॉट एका राज्याच्या बसवर आणि बस निघून जाते तो शॉट दुसऱ्या राज्याच्या बसवर, कारण पहिली तेवढा वेळ थांबली नव्हती! बोर्ड, रंग, सगळं वेगळं, आणि इकडचा प्रेक्षक तर ते पहिल्यांदा बघतो. बस आपल्या हातात नसते, म्हणून तिचे शॉट आधी ठरवायचे, येणारी बस लांबनं वाइडमध्ये घेताना रेकॉर्डिंग बंदच करायचं नाही, ती येईपर्यंत, थांबेपर्यंत, जाईपर्यंत एकच टेक. मग पोरीचे क्लोज (जवळचे शॉट) रिकाम्या फाट्यावर नंतर घ्या, त्यात बसची गरज नाही, आवाज पुरतो.

आता मुख्य दुखणं: ऊन आणि सावली

इथं जरा थांबतो, कारण बाकीचं सगळं वहीतल्या दोन आकड्यांनी सुटतं, हे सुटत नाही.

वरचीच गोष्ट घेऊया. बेळगावजवळच्या उचगाव-बाचीच्या बाजूचं कुठलंही एक कौलारू घर, दार पूर्वेला, पुढं सोपा, मागं पश्चिमेला स्वयंपाकघर आणि त्याची खिडकी. कथा अशी की पोरगी बसमधनं उतरते, पाणंदीनं चालत येते, सोप्यावर बाप बसलाय त्याच्याशी बोलते, मग आत आईकडं जाते. पोरं काय करतात, सकाळी आरामात नऊला पोचतात, चहा-पोहे होतात, दहाला फाट्यावर, अकराला सोप्यावर, जेवण, आणि तीनला स्वयंपाकघर. कथेच्या क्रमानं अगदी बरोबर, आणि उजेडाच्या हिशोबानं प्रत्येक ठिकाणी चुकीच्या वेळी.

अकरा वाजता सोप्यावर काय चाललंय ते बघा. घर पूर्वेला तोंड करून, म्हणजे सकाळचं ऊन सोप्यात आत शिरलेलं असतं आणि दुपारकडं ते मागं मागं सरत बाहेर जातं. कौलाची कड नऊ-दहा फुटांवर असली तर त्या कडेची सावली दुपारच्या आसपास पंधरा मिनिटांत जवळजवळ वीतभर सरकते. खडूनं जमिनीवर रेघ मारा आणि चहा पिऊन येऊन बघा, पटेल. तुमचा दोन मिनिटांचा संवाद, त्याचे पाच-सहा शॉट, ह्यात दीड-दोन तास सहज जातात, तेवढ्यात सावली बापाच्या गुडघ्यावरनं पार पायऱ्यांच्या खाली गेलेली असते. एडिटला लावलं की प्रत्येक कटला ऊन नाचतं. आणि तीन वाजता स्वयंपाकघरात जावं तर पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन सरळ आईच्या तोंडावर.

हाच दिवस उलटा लावा. उजाडल्या उजाडल्या पाणंद, सूर्य खाली असतो, सावल्या लांब, उसावर कडेनं उजेड येतो, बाजूनं घेतलं तर चेहरा पण मिळतो. बस तिच्या टायमाला, ती आधी एक दिवस जाऊन बघून ठेवायची. दहा ते बारा स्वयंपाकघर, तेव्हा मागच्या खिडकीतनं ऊन येत नाही, नुसता सारखा उजेड येतो, तासन्‌तास बदलत नाही. मग जेवण. आणि एकनंतर सोपा, तेव्हा ऊन कौलाच्या मागं गेलेलं असतं, पूर्ण सोपा सावलीत, एकसारखा. एप्रिल-मे असला तर वळवाचे ढग दुपारनंतर भरून येतात, म्हणून साडेतीनपर्यंत सोपा संपवायचा.

सोप्यातला आणखी एक बारकावा. बाप सावलीत आणि त्याच्या मागं अंगण उन्हात असं फ्रेम लावलं तर एकतर बाप काळा किंवा अंगण पांढरं. कॅमेरा अंगणात ठेवून घराच्या भिंतीकडं बघत लावा, मग मागं पण सावलीच. आपल्या तांबड्या मातीच्या अंगणावरनं उजेड उसळून तोंडावर तांबूस झाक येते, काही वेळा ती छानच दिसते, नको असली तर बापाच्या पुढ्यात फ्रेमच्या बाहेर जमिनीवर एक पांढरी चादर अंथरा, चेहरा लगेच स्वच्छ होतो.

बेळगाव १६ अंशाच्या जरा खाली आहे, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि ती दुपार आपल्या घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला होते. त्या वेळेला उघड्यावर माणूस शूट केला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. तेव्हा आत जायचं काम ठेवा. हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरकं, बाहेर शूट करायला सोन्यासारखं, फक्त डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य जातो, त्यामुळं संध्याकाळचा सीन तासभर आधी लावून तयार पाहिजे. पावसाळ्यात ढगाचा मऊ उजेड सुंदर असतो पण ढग पळतात, म्हणून एक्सपोजर लॉक आणि टेक छोटे. लेन्सवर वाफ धरते, बॅग उघडून कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू दे, पुसत बसू नका.

लोकेशन बघायला जाताना हे सगळं एका कागदावर आणायचं: घराचं तोंड कुठं, खिडक्या कुठं, ऊन किती वाजता कुठं. सूर्याची दिशा दाखवणारी ॲपं आहेत, पण ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला एकदा जाऊन उभं राहणं त्याहून बरं. रविवारी सकाळी आठला जाऊन बघितलेलं लोकेशन गुरुवारी दुपारी चारला वेगळंच असतं.

शॉटलिस्ट करतो पण पूर्ण होत नाही

कारण ती यादी असते, वेळापत्रक नसतं. एक पान स्क्रिप्ट म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, पण कॅमेरा एका जागेवरनं उचलून दुसऱ्या जागी लावून, फोकस, आवाज, रिहर्सल धरून विद्यार्थी टीमला अर्धा तास लागतोच. म्हणजे उजाडल्यापासनं चारपर्यंत, प्रवास आणि जेवण वजा करून, दहा-बारा सेटअप झाले तरी पुष्कळ. तुमच्या यादीत तीस असतील तर वीस तिथंच मेले. मग आधीच ठरवा कोणते मेले तरी चालतील. प्रत्येक सीनला एक असा शॉट निवडा की बाकी काय झालं नाही तरी सीन त्याच्यावर उभा राहील, बहुतेक वेळा तो पूर्ण संवादाचा एक वाइड किंवा मिड असतो, तो पहिला घ्यायचा. ड्रोन, स्लो मोशन, चुलीतल्या निखाऱ्याचा क्लोज, हे सगळं शेवटी.

कोल्हापूरचे सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर मुळात चित्रकार, ते सीनची स्केचेस आधीच करून ठेवायचे. आपल्याला काड्यांची माणसं पुरेत. खरं तर चित्रापेक्षा वरनं बघितलेला नकाशा जास्त उपयोगी, सोप्याचा चौकोन, बाप कुठं, पोरगी कुठनं येते, कॅमेरा १, २, ३ कुठं. रेघ ओलांडतोय का ते तिथंच कागदावर दिसतं.

वही कोणाकडं? कॅमेरामनकडं नको, त्याचे हात अडकलेले असतात. एका माणसाचं कामच ते. प्रत्येक टेकला फाइल नंबर, लेन्स, शटर, आयएसओ, केल्विन, कॅमेरा जमिनीपासनं किती उंच, किती पावलांवर, घड्याळातली वेळ, आणि शेवटी फोनवर एक फोटो, पदर कोणत्या खांद्यावर, कप कोणत्या हातात, केस कसे. कंटाळवाणं आहे, पण उद्या परत तिथं जाऊन एक राहिलेला शॉट घ्यायचा झाला तर ह्याच्याशिवाय जमणार नाही.

रेकॉर्डिंग चालू केल्यावर ॲक्शन म्हणायच्या आधी पाच सेकंद आणि कट म्हणायच्या आधी पाच सेकंद सोडा. अर्ध्या लोकांना एडिटला कट न बसायचं कारण एवढंच असतं, शॉट सुरू होतो तेव्हा माणूस चालायला लागलेला असतो. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा जागेवरनं आडवा फिरवताना, एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेवरनं दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद तरी लागली पाहिजेत, त्याहून भरभर केलं की डोळे दुखतात. कार्डाचा हिशोब पण आधी करा, रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसला असलं तर मिनिटाला ७५० एमबी जातात, ६४ जीबीच्या कार्डावर सव्वा तासाहून जरा जास्त.

बाजारात शूट केलं की सगळे कॅमेऱ्यातच बघतात

खडे बाजारात नाहीतर गणपत गल्लीत दुपारी ट्रायपॉड मांडला की "काय ओ, कसलं शूटिंग करालाय?" सुरू होणारच. दुकानं उघडायच्या वेळेला जा, ओळखीच्या एका दुकानदाराला आधी सांगून त्याच्या पायरीवरनं लांब लेन्सनं घ्या, आणि पोलीसमामांना चहाला विचारा, अर्धी परवानगी तिथं मिळते. खोटा कॅमेरा एक भलतीकडं उभा करून ठेवायची आयडिया पण चालते, लोक तिकडं बघतात. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीच्या हद्दीत कॅमेरा काढू नका. ड्रोन असला तर सांबऱ्याचा एअरपोर्ट जवळ आहे हे लक्षात ठेवा, सरकारच्या डिजिटल स्काय ह्या ड्रोनच्या साइटवरच्या नकाशावर आपलं ठिकाण कुठल्या झोनमध्ये येतं ते बघितल्याशिवाय उडवायचा नाही, छोटा असला तरी. हलशीच्या देवळासारख्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉड न्यायच्या आधी विचारून घ्या, आत जाऊन वाद घालत बसण्यात सकाळचं ऊन जातं.

सराव काय करायचा

फिल्म करून शिकू म्हणणाऱ्यांचं पहिलं शूट दरवेळी पहिल्यासारखंच होतं. त्यापेक्षा घरात कोणीतरी चहा करतंय ते पाच शॉटात घ्या: हात, चेहरा, दोन्ही एकत्र, त्यांच्या खांद्यावरनं, आणि एक तुमच्या मनाचा. संवाद नाही, म्युझिक नाही. मग ते एका मिनिटात जोडा. चहा एकदाच करून घ्यायचा असं काही नाही, काकू वैतागेपर्यंत परत परत करा, पण कपाचा कान दरवेळी त्याच बाजूला पाहिजे. तेच पाच शॉट सकाळी, तेच संध्याकाळी, तेच रात्री ट्यूबवर, आणि मग सकाळचा एक शॉट रात्रीच्या चार शॉटांत घालून बघा किती लपतो. ह्यातनं केल्विन, शटर, रेघ, कंटिन्युइटी सगळं हाताला लागतं आणि खर्च चहापावडरीचा.

शूट झालंय, परत जाता येत नाही, आता?

थोडंफार वाचवता येतं. रंग जुळत नसेल तर प्रत्येक सीनचा एकच शॉट मुख्य धरा आणि बाकीचे त्याच्याकडं ओढा, सगळे एकमेकांकडं ओढत बसलात तर रात्र जाईल. ऊन-सावली नाचत असेल तर मधे हाताचा, पायाचा, कोंबडीचा, कसलाही एक क्लोज घाला, बघणारा सावली विसरतो. असले क्लोज नसतील तर कुठल्याही अंगणात जाऊन आजही घेता येतात, कोणाच्या कोंबडीचं कोण ओळखतंय. पट्टे मात्र अवघड, रिझॉल्व्हमधलं डिफ्लिकर (पट्टे कमी करायची सोय) पैसेवाल्या व्हर्जनमध्ये आहे, आणि जोरात पट्टे असले तर ते पण पूर्ण काढत नाही. उलटी चालणारी पोरगी सरळ करायला शॉट आडवा फ्लिप करतात, चालतं, पण मागं बस, दुकानाची पाटी, मैलाचा दगड नाही ना ते बघा. पाटी कन्नडात असो नाहीतर मराठीत, आरशातली दिसली की थिएटरमध्ये पहिल्या रांगेतनं आवाज येतोच.

आणि एडिटला कोणाकडं विचारायला जाताना व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ दाखवू नका. मूळ फाइली, स्क्रिप्ट आणि ती वही घेऊन जा. वही नसेल तर किमान कुठल्या फोनवर, कुठल्या ॲपवर आणि किती वाजता शूट केलं एवढं तरी आठवून लिहून न्या, निम्मं निदान त्यातच होतं.